कोटेशन ९६८ पौंडांचं, बिल २,३४८चं

ताई, नमस्कार.

आम्ही इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या स्लावमध्ये राहतो. पाच मजली इमारतीतला आमचा दोन बेडरूमचा लीजहोल्ड (म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचा) फ्लॅट नुकताच विकला. सॉलिसिटर इस्टेट एजंटनेच सुचवला होता. ऑनलाइन फॉर्म भरला, त्यात 'लीजहोल्ड'वर टिक केली, मॉर्गेज चालू आहे आणि घर दोघांच्या नावावर आहे हेही लिहिलं. कोटेशन आलं : फी ७९५ पौंड, व्हॅट १५९, लँड रजिस्ट्रीच्या नकला १४, एकूण ९६८. स्वस्त वाटलं म्हणून लगेच हो म्हटलं.

पाच महिने काम चाललं. आम्ही कार्पेट काढून लाकडी फ्लोअरिंग केलं होतं, त्यावरून खरेदीदाराच्या वकिलाने भंडावून सोडलं. सोमवारी कम्प्लिशन, म्हणजे व्यवहार पुरा होऊन ताबा द्यायचा दिवस, आणि आदल्या शुक्रवारी दुपारी चारला बिल आलं. मूळ ७९५ शिवाय लीजहोल्डचे २५०, बिल्डिंग सेफ्टी ॲक्टच्या कामाचे ३००, मॉर्गेज फेडण्याचे ९५, दोघांच्या ओळख तपासणीचे ४०, दोन बँक ट्रान्सफरचे ८०, जादा पत्रव्यवहाराचे ३५० आणि फाइल सांभाळण्याचे ३५. या सगळ्यावर व्हॅट, शिवाय नकलांचे १४. एकूण २,३४८. मॅनेजिंग एजंटला ४२० आम्ही आधीच वेगळे दिले होते. फोन केला तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, 'हे स्टँडर्ड चार्जेस आहेत.' सोमवारी विक्रीच्या रकमेतून पैसे कापूनही घेतले. त्याला तीन आठवडे झाले.

मिस्टर म्हणतात, लाखांच्या व्यवहारात हजारासाठी काय भांडायचं, सोड. मला झोप येत नाही. त्यात नव्या घराची आमची ऑफर मंजूर झाली आहे आणि तेही काम याच फर्मला द्यायचं ठरत होतं. पुण्याहून बाबा थोडी मदत करणार आहेत. पैसे परत मिळतील का? की तक्रार केली तर नव्या घराचं काम अडवून ठेवतील?

— नाव छापू नये ही विनंती, स्लाव

नमस्कार.

सोडू नका. पण सगळ्या १,३८० पौंडांसाठी एकाच सुरात भांडूही नका, कारण त्यातले काही तुम्ही द्यायलाच हवे होते. 'स्टँडर्ड चार्जेस' या उत्तराने मात्र गप्प बसू नका. जे स्टँडर्ड आहे ते पहिल्या दिवशी ठाऊक असतं. मग पहिल्या दिवशी का सांगितलं नाही? तुमच्या सगळ्या तक्रारीचा गाभा हा एवढाच प्रश्न आहे.

आपल्याकडची माणसं इथे हमखास फसतात ती अशी. पुण्यात किंवा ठाण्यात वकील 'सगळं मिळून इतके' सांगतो, मग घासाघीस होते, आणि आकडा ठरला की ठरला. इंग्लंडमध्ये कन्व्हेयन्सिंगचं, म्हणजे घराच्या खरेदी-विक्रीच्या कायदेशीर कामाचं, कोटेशन बऱ्याचदा नुसत्या पायाभूत फीचं असतं. वेबसाइटवर दहा फर्म शेजारी शेजारी दिसतात, सगळ्यात कमी आकड्यावर लोक क्लिक करतात, मग तो आकडा कमी ठेवायचा आणि उरलेलं पुढे लावायचं. इस्टेट एजंटने सुचवलेल्या फर्मकडून एजंटला अनेकदा रेफरल फी मिळते. तशी दिली असेल तर फर्मने ती तुम्हाला सांगायला हवी. तुमच्या कागदांत तो उल्लेख आहे का ते बघा. नसेल तर विचारा. याने पैसे परत मिळणार नाहीत, पण समोरच्याला कळतं की बाई कागद वाचते.

आता बिल घ्या आणि प्रत्येक ओळीला विचारा : कोटेशन दिलं त्या दिवशी हे यांना माहीत होतं का?

फ्लॅट लीजहोल्ड आहे हे तुम्ही फॉर्मवर टिक करून सांगितलं होतं. मॉर्गेज आहे, म्हणजे ते फेडावं लागणार. मालक दोन, म्हणजे ओळख तपासणी दोघांची. मॉर्गेज असलेलं घर विकताना किमान दोन ट्रान्सफर होतातच, एक कर्ज देणाऱ्या बँकेला आणि एक तुम्हाला. फाइल सांभाळणं तर प्रत्येक फर्मला करावंच लागतं. त्याचे ३५ पौंड वेगळे मागणं म्हणजे ऑफिसचं भाडं गिऱ्हाइकाच्या बिलात लावण्यासारखं आहे. २५०, ९५, ४०, ८० आणि ३५ यांची बेरीज ५००, व्हॅट धरून ६००. या पाच ओळींत पाच महिन्यांत नवीन काहीच घडलेलं नाही. हे ६०० ठामपणे परत मागा.

यासाठी नियमाचा आधार आहे. सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीच्या (मुंबईकरांनी दचकू नये, ही वेगळी एसआरए) पारदर्शकतेच्या नियमांप्रमाणे डिसेंबर २०१८ पासून घरविक्रीचं काम करणाऱ्या फर्मना वेबसाइटवर दर जाहीर करावे लागतात. त्यात व्हॅट धरलाय की नाही, बाहेरचे खर्च कोणते, हे तर सांगायचंच, शिवाय गिऱ्हाइकाला साहजिकच फीमध्ये धरलंय असं वाटेल पण प्रत्यक्षात धरलेलं नाही, अशा कामांचा तपशीलही द्यायचा असतो. आणि आचारसंहिता म्हणते की एकूण खर्च किती होईल याची शक्य तितकी चांगली माहिती काम हातात घेताना द्यायची, आणि पुढे गरज पडेल तसतशी पुन्हा द्यायची. फॉर्मवर लीजहोल्डची टिक असताना लीजहोल्डचे २५० वगळून पाठवलेली बेरीज 'चांगली माहिती' या व्याख्येत बसवून दाखवा म्हणावं.

एक अडचण आहे, ती आधीच सांगते. कोटेशनच्या पीडीएफचं दुसरं पान उघडा. बहुतेक कोटेशनांना ते असतं, बारीक अक्षरातलं, 'लागू पडल्यास पुढील जादा शुल्क' अशा मथळ्याचं. तिथे लीजहोल्डचे २५० छापलेले असतील तर फर्म बोट दाखवून म्हणेल, आम्ही सांगितलं होतं. तुमची बाजू थोडी लंगडी होईल, पण पडणार नाही. जे शुल्क नक्की लागू होणार हे त्यांना फॉर्मवरूनच कळलं होतं, ते 'लागू पडल्यास' या यादीत टाकून पहिल्या पानावर ९६८ ही बेरीज दाखवायची, यात सांगणं कमी आणि लपवणं जास्त आहे. तसंच लिहा. तुम्ही भरलेल्या ऑनलाइन फॉर्मची पोच ईमेलवर आली असेल, ती आजच शोधून वेगळी ठेवा. तुमच्या हातातला सगळ्यात वजनदार कागद तोच आहे.

ट्रान्सफरच्या ८० पौंडांकडे जरा निरखून बघा. बँक फर्मकडून प्रत्येक ट्रान्सफरचे घेते त्यापेक्षा जास्त रक्कम फर्म लावते, हे सर्रास चालतं. लावायला हरकत नाही, पण मग ती फर्मची स्वतःची फी झाली. 'बँकेचा खर्च' म्हणून बाहेरच्या खर्चांच्या रकान्यात ती दाखवायची नसते. तुमच्या बिलात ती कुठल्या मथळ्याखाली आहे?

बिल्डिंग सेफ्टी ॲक्टच्या ३०० पौंडांबाबत मी फर्मला इतकं झोडणार नाही. २०२२ चा हा कायदा लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या इमारतीला लागलेल्या आगीनंतर आला. इमारत ११ मीटर किंवा पाच मजल्यांची असेल तर विक्रीच्या वेळी इमारतीच्या मालकाचं प्रमाणपत्र मागवावं लागतं, आणि फ्लॅटधारकाने १४ फेब्रुवारी २०२२ रोजी आपली स्थिती काय होती हे सांगणारं डीड साक्षीदारासमोर सही करून द्यावं लागतं. त्या दिवशी तुम्ही तिथेच राहत होता का, किंवा देशात तुमची आणखी किती घरं होती, यावर इमारतीच्या दुरुस्तीचा किती बोजा फ्लॅटवर पडू शकतो ते ठरतं. चूक झाली तर सॉलिसिटरच्या गळ्याशी येतं, म्हणून काही फर्म असलं काम घेतच नाहीत. तेव्हा कामाला दाम आहे. प्रश्न पुन्हा वेळेचाच : फॉर्मवर मजले किती असं विचारलं होतं का? विचारलं होतं, तर हे ३०० (व्हॅटसह ३६०) पहिल्या सहाशेंच्याच पंक्तीत बसवा. नसेल, तर इमारतीची उंची त्यांना कधी कळली आणि त्यानंतर तुम्हाला रक्कम कधी कळवली, ते विचारा.

आता फ्लोअरिंगचे ३५०. इथे मी तुमची बाजू पूर्ण घेऊ शकत नाही. कित्येक लीजमध्ये फरशी कार्पेटने झाकलेली ठेवावी अशी अट असते, खालच्या घराला पावलांचा आवाज जाऊ नये म्हणून. कार्पेट काढायचं तर फ्रीहोल्डरची, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाची, लेखी परवानगी लागते. ती न घेता लाकूड बसवलं की विक्रीच्या वेळी खरेदीदाराचा वकील नेमकं तेच उकरतो. ते त्याचं कामच आहे. मग तुमच्या सॉलिसिटरने फ्रीहोल्डरला लिहायचं, उत्तराची वाट बघायची, पुन्हा लिहायचं. हे काम कोटेशनच्या दिवशी कुणालाच दिसत नव्हतं, त्यामुळे जादा पैसे मागणं गैर नाही. पण ते काम सुरू करण्याआधी 'याचे इतके होतील, करू का?' असं विचारायला हवं होतं. तुमच्या इनबॉक्समध्ये 'यामुळे अतिरिक्त खर्च येऊ शकतो' अशी एखादी ओळ असलेली मेल सापडेलही. आकडा नसलेली असली सूचना म्हणजे अर्धवट सूचना. या ३५० साठी वेळेचा हिशेब मागा : कोणी, किती वेळ, कुठल्या दराने. व्हॅटसह ४२० पैकी निम्मे परत आले तर पदरात पाडून घ्या.

मॅनेजिंग एजंटला दिलेले ४२० पौंड या भांडणात आणू नका. ते एलपीई-१ फॉर्म आणि सोबतच्या कागदांचे, म्हणजे सर्व्हिस चार्जचे हिशेब, विमा, ग्राउंड रेंट वगैरेंचे. आपल्याकडे सोसायटीची एनओसी घेताना चेअरमनच्या मागे फिरावं लागतं, त्याचाच हा इंग्रजी अवतार. महाराष्ट्रात निदान सोसायटीच्या ट्रान्सफर प्रीमियमला २५,००० रुपयांची कमाल मर्यादा तरी आहे. असो. ते पैसे सॉलिसिटरच्या खिशात गेलेले नाहीत.

तक्रार फोनवर नको, आणि रिसेप्शनवरच्या मुलीकडे तर नकोच. काम हातात घेताना फर्मने पाठवलेलं क्लायंट केअर लेटर काढा. तक्रार कुणाकडे करायची त्या व्यक्तीचं नाव त्यात असतं. तिला ईमेल करा आणि विषयातच 'फॉर्मल कम्प्लेंट' लिहा. तसं लिहिलं नाही तर तुमची मेल नेहमीच्या चौकशीसारखी फाइल हाताळणाऱ्याकडे जाऊन पडेल. मजकूर एका पानात बसवा. कोटेशनची तारीख आणि बेरीज, तुम्ही फॉर्मवर दिलेली माहिती, बिलाची तारीख आणि बेरीज. मग तीन मागण्या : पाच ओळींचे ६०० परत, सेफ्टी ॲक्टच्या ३६० चा खुलासा किंवा परतावा, आणि पत्रव्यवहाराच्या ४२० चा तपशील. फसवणूक, लूट असले शब्द टाळा. राग खरा आहे, पण तो कागदावर आला की समोरचा मूळ मुद्दा सोडून तुमच्या भाषेला उत्तर देत बसतो.

उत्तरासाठी फर्मला आठ आठवडे मिळतात. पहिल्या उत्तरात बहुधा 'सदिच्छा म्हणून' शे-दीडशे पौंड देऊ करतील आणि 'पूर्ण व अंतिम तडजोड' असं वाक्य खाली असेल. त्यावर घाईने हो म्हणू नका. पण पाचशे-सहाशेच्या आसपास आले तर घ्या आणि विषय संपवा. फर्मने रास्त रक्कम देऊ केली असताना तुम्ही नाकारली, असं दिसलं तर पुढे लीगल ऑम्बड्समन (वकिलांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा स्वतंत्र अधिकारी) तुमचं प्रकरण बंद करू शकतो.

हा लीगल ऑम्बड्समन तुमचा पुढचा टप्पा. एक पैसा लागत नाही, वकील लागत नाही. फर्मचं अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांच्या आत, आणि मूळ प्रकार घडल्यापासून किंवा लक्षात आल्यापासून एका वर्षाच्या आत त्याच्याकडे जावं लागतं. फी कमी करा, पैसे परत द्या, मनस्तापाची भरपाई द्या, असे आदेश तो देऊ शकतो. त्याचा निर्णय तुम्ही स्वीकारलात की तो फर्मवर बंधनकारक होतो. वेळ मात्र लागतो, तेवढी तयारी ठेवा. तुमचं काम सॉलिसिटरऐवजी लायसन्स्ड कन्व्हेयन्सरने केलं असेल तरी दार हेच. (हे सगळं इंग्लंड आणि वेल्सचं सांगतेय. स्कॉटलंडमधल्या वाचकांसाठी तक्रारीची यंत्रणा वेगळी आहे.)

कोर्टाचाही रस्ता आहे. सॉलिसिटर्स ॲक्ट १९७४ प्रमाणे बिल मिळाल्यापासून एका महिन्याच्या आत कोर्टाकडून ते तपासून घेण्याचा तुम्हाला हक्क असतो. त्यानंतर वर्षभरात कोर्टाची मर्जी लागते. तुमच्या हातात आठवडाभरच उरलाय म्हणून हे सांगितलं, नाहीतर सुचवलं नसतं. कारण बिल एक पंचमांशाहून कमी घटलं तर त्या तपासणीचा खर्च साधारणपणे तुमच्याच अंगावर येतो, आणि २,३४८ च्या बिलासाठी तो खर्च परवडत नाही.

'पैसे तर कापून घेतलेच आहेत' याने खचू नका. फर्मने आधी बिल द्यायचं आणि मग आपल्याकडच्या तुमच्या पैशांतून फी वळती करायची, हा नियम त्यांनी शुक्रवार-सोमवारच्या अंतराने पाळला असेलही. पण बिल पाठवणं वेगळं आणि तुम्ही ते मान्य करणं वेगळं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने, प्रकरण अपघात भरपाईचं असलं तरी, हेच सांगितलं : नुसती कापून घेतलेली रक्कम म्हणजे त्या कायद्याच्या अर्थाने बिल चुकतं झालं असं नाही, त्या नेमक्या आकड्याला गिऱ्हाइकाची संमती हवी. शुक्रवारी चार वाजता आलेल्या बिलावर, सोमवारी टेम्पो दारात उभा राहणार असताना, तुम्ही गप्प राहिलात. अडला हरी. ही संमती नव्हे, आणि तुम्ही फोन करून नाराजी सांगितली होती तेही तारखेसह लिहा.

राहिलं नवं घर. तक्रार केली म्हणून काम अडवायला फर्मला परवानगी नाही, पण ती वेळच कशाला आणायची? ऑफर नुकतीच मंजूर झालीय, सर्चेस (घराबद्दलच्या सरकारी नोंदींची चौकशी) मागवलेले नाहीत, म्हणजे अजून गुंतलेलं काही नाही. खरेदी दुसऱ्या फर्मला द्या. एकीकडे तक्रार आणि दुसरीकडे त्यांच्याच हातात घराच्या चाव्या, यात तुमचीच झोप पुन्हा उडेल.

नव्या फर्मकडून कोटेशन घेताना आपली सगळी परिस्थिती आधी एका मेलमध्ये लिहून पाठवा आणि 'हे सगळं धरून, व्हॅटसह, एकूण किती?' असं विचारा. बँकेच्या वतीने काम करण्याची फी त्यात आहे का, स्टॅम्प ड्युटीचा फॉर्म भरण्याचे वेगळे घेणार का, ट्रान्सफर किती धरल्या आहेत, आणि आधी न कळवता जादा काम करणार नाही असं लिहून देता का. आणि बाबांच्या पैशांचा उल्लेख त्या पहिल्या मेलमध्येच करा. आपल्याकडे हे शेवटी सांगतात, आणि तिथेच बिल फुगतं. वडिलांनी दिलेले पैसे म्हटलं की सॉलिसिटर त्यांचीही ओळख तपासतो, पैसे कुठून आले ते विचारतो, आणि या रकमेवर किंवा घरावर माझा हक्क नाही असं पत्र त्यांच्या सहीने मागतो. पैसा भारतातून येतोय म्हटल्यावर तपासणी आणखी कसून होते. कित्येक फर्म याचं वेगळं शुल्क लावतात, कधी देणाऱ्या प्रत्येक माणसामागे. आईबाबांचं खातं जॉइंट असेल तर दोघांचंही. बाबांना आत्ताच बँक स्टेटमेंट काढून ठेवायला सांगा. एफडी मोडली असेल तर तिची पावती, जमीन विकली असेल तर खरेदीखत, आणि ते मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर. बँकेतून पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर्सची मर्यादा आहे, ती तुम्हाला बहुधा आड येणार नाही. पण पैसे दोन-तीन हप्त्यांत, वेगवेगळ्या खात्यांतून, काकांच्या नावाने वगैरे येऊ देऊ नका. प्रत्येक नव्या नावाची नवी तपासणी, आणि तिची बिलात नवी ओळ.